खाते चोरीला गेले तर लाजू नका, आधी आरडाओरडा करा



पूर्वी चाळीत किंवा वस्तीत चोर शिरला की एकच आरडाओरडा व्हायचा. ‘चोर, चोर’ असा आवाज आला की शेजारची दहा माणसे हातात मिळेल ते घेऊन बाहेर पडायची. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला त्या क्षणी कोणी विचारीत नसे की, बाबा रे, तू कडी नीट का लावली नाहीस? आधी चोराच्या मागे धावायचे, कडी-कोयंड्याची चौकशी नंतर, असा साधा रिवाज होता.

आज चोर मोबाइलमधून येतो. कडी वाजत नाही, कुत्रे भुंकत नाही. आणि ज्याची चोरी झाली तो माणूस आरडाओरडा करण्याऐवजी तोंड मिटून बसतो. ‘लोक हसतील’, ‘नवरा रागावेल’, ‘एवढा शिकलेला असून फसला म्हणतील’, या भीतीने तो रात्रभर कोणाला सांगत नाही. चोराला नेमकी तीच रात्र हवी असते. म्हणून आजच्या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. खाते चोरीला गेले की लाज बाजूला ठेवून पहिल्या तासात बोलायचे, आणि कोणाशी कोणत्या क्रमाने बोलायचे हे आधीच पाठ करून ठेवायचे.

एका बचत गटाची हकिगत

आमच्या वस्तीत धुणीभांडी, शिवणकाम करणाऱ्या भगिनींचा एक बचत गट आहे. गटाचा हिशेब ज्या वहिनी ठेवतात त्यांना एका दुपारी धाकट्या जावेच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर निरोप आला. ‘ताई, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या मोबाइलवर आलाय, लवकर पाठवा ना.’ नंबर जावेचा, फोटो जावेचा, बोलण्याची ढबही घरचीच. वहिनींनी कोड पाठवला. वास्तविक जावेचे खाते सकाळीच चोराच्या हाती गेले होते आणि तो कोड वहिनींच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपची किल्ली होता. दोन मिनिटांत वहिनींचे व्हॉट्सॲप बंद पडले आणि चोराच्या मोबाइलवर सुरू झाले.

अर्ध्या तासात गटातील सगळ्या बायकांना वहिनींच्या नावाने निरोप गेला, ‘दवाखान्यात आहे, पैशाची फार नड आहे, संध्याकाळी परत करते.’ एकीने तीन हजार पाठवले, दुसरीने पाच हजार. गटाची बाई अडचणीत आहे म्हटल्यावर कोण मागे राहील? चोराने वहिनींच्या बँकेतला एक रुपयाही काढला नाही. त्याने काढून घेतला तो गटाचा त्यांच्यावरचा विश्वास, आणि त्याचे पैसे केले.

वहिनींना ते तासाभरात कळले. पण सासूबाई आणि मालक काय म्हणतील, या धास्तीने त्या रात्रीपर्यंत गप्प राहिल्या. तीन हजार पाठवणाऱ्या बाईला संशय आला. तिने शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला विचारले आणि त्याने लगेच तक्रारीचा नंबर लावून दिला. तिचे पैसे पुढच्या खात्यात अडकवता आले. पाच हजारवालीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तक्रार केली, तोवर पैसे एटीएममधून निघून गेले होते. चोर तोच, युक्ती तीच. फरक पडला तो वेळेचा.

किल्ली जाते कशी?

‘हॅक झाले’ असे आपण सर्रास म्हणतो. त्याचा साधा अर्थ, आपल्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. आपल्यासारख्या कष्टकरी घरांत ती बहुधा चार वाटांनी जाते.

पहिली वाट वर सांगितलीच, गोड बोलून कोड मागणे. दुसरी वाट एपीके फाइलची. लग्नाची पत्रिका, गाडीचे चलान, बँकेची केवायसी किंवा सरकारी योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती पत्रिका नसते, ते ॲप असते. आपण ती उघडून सगळ्या परवानग्या दिल्या की आपले मेसेज, त्यातले ओटीपीसुद्धा, चोराला दिसू लागतात. तिसरी वाट कॉल वळवण्याची. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, ‘पार्सल आहे, हा नंबर डायल करा.’ त्या नंबराची सुरुवात फुली आणि २१ अशी काहीतरी असते. तो लावला की आपले कॉल चोराच्या फोनवर वळतात आणि बोलून सांगितला जाणारा कोड त्याच्या कानी पडतो. चौथी वाट स्क्रीन दाखवण्याची. ‘मी बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या, मी दुरुस्त करून देतो.’ त्या ॲपमधून आपला सगळा पडदा त्याच्यापुढे उघडा होतो.

यातली कोणतीही वाट असो, पुढची कामे त्याच क्रमाने करायची. आधी पैसा, मग खाते, मग माणसे आणि शेवटी कागद.

पहिले काम: पैसा अडवा

पैसे गेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल तर आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करा. अनोळखी फाइल उघडली असेल तर मोबाइल विमान मोडवर टाका. सिम काढून साध्या बटनांच्या मोबाइलमध्ये घालणे उत्तम. म्हणजे यापुढचे ओटीपी त्या साध्या मोबाइलवर येतील, चोराच्या ॲपला दिसणार नाहीत.

मग त्याच साध्या मोबाइलवरून किंवा शेजाऱ्याच्या मोबाइलवरून १९३० हा नंबर लावा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने सुरू केलेली ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. हा नंबर लागेना तर वाट पाहत बसू नका, एकाने तो लावत राहावे आणि दुसऱ्याने बँकेला फोन करावा. बँकेला सांगायचे एवढेच, ‘माझे खाते, कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग आत्ता बंद करा आणि तक्रारीचा नंबर द्या.’

वेळेचे एवढे महत्त्व का? चोर पैसे एका खात्यात ठेवीत नाही. तो ते पहिल्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि शेवटी रोख काढतो. १९३० वर तक्रार नोंदली की त्या साखळीतल्या बँकांना कळवले जाते आणि पैसे ज्या खात्यात सापडतील तिथे ते रोखून धरतात. रोख हातात पडल्यावर मात्र रोखायला काही उरत नाही.

फोन करताना जवळ काय असावे? आपला खाते क्रमांक, बँकेचे नाव, पैसे गेल्याची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक. हा क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये किंवा यूपीआय ॲपच्या इतिहासात असतो. मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा. स्वतःला जमत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलीला बसवा. पण पासवर्ड आणि पिन त्यांनाही सांगू नका.

एक ध्यानात ठेवा. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. चोरांनी तिथेही खोटे नंबर पेरून ठेवले आहेत. तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा.

दुसरे काम: खाते परत घ्या

व्हॉट्सॲप गेले असेल तर ते परत मिळते, घाबरू नका. जोवर सिम तुमच्या हाती आहे तोवर किल्ली पुन्हा तुमच्याकडेच येते. व्हॉट्सॲप उघडून आपला नंबर टाका, मेसेजने सहा आकडी कोड येईल, तो टाका. तुम्ही आत गेलात की चोर आपोआप बाहेर फेकला जातो. चोराने मध्येच आपला वेगळा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावे लागते. पण मेसेजचा कोड तुम्ही टाकलात की चोराचा संबंध त्याच क्षणी तुटतो, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका. आत गेल्यावर सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहा. अनोळखी यंत्र दिसले की काढून टाका. मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून आपला सहा आकडी पिन ठेवा. तो जन्मतारखेचा नको.

कॉल वळवले गेल्याचा संशय असेल तर मोबाइलवरून ##००२# डायल करा. सगळे वळवलेले कॉल रद्द होतात.

ईमेलकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे बहुतेकांचा जीमेल दुकानदाराने मोबाइल घेताना उघडून दिलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. बाकीच्या अनेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे पत्र त्या ईमेलवरच येते, म्हणजे ती किल्ल्यांची किल्ली आहे. दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून ईमेलचा पासवर्ड आधी बदला. ‘सिक्युरिटी’ या भागात जाऊन कोणकोणत्या यंत्रांवर खाते उघडे आहे ते पाहा आणि अनोळखी यंत्र बाहेर काढा. पासवर्ड विसरल्यास कळवण्यासाठी जो मोबाइल नंबर दिला आहे तो आपलाच आहे ना, हेही तपासा. चोर बहुधा तोच बदलतो. फेसबुक गेले असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड असे पान आहे, तिथून सुरुवात करा.

एपीके फाइल उघडली गेली असेल तर नुसते ॲप काढून समाधान मानू नका. तक्रारीसाठी स्क्रीनचे फोटो दुसऱ्या मोबाइलने काढून घ्या, घरचे फोटो वेगळे ठेवा, आणि मोबाइल पूर्ण कोरा करा. त्याला ‘फॅक्टरी रीसेट’ म्हणतात. त्यानंतरच बँकेचे ॲप पुन्हा घाला.

तिसरे काम: माणसांना सांगा

तुमचे खाते चोराच्या हाती असेपर्यंत तुमच्या नावाने दुसरे लुटले जात असतात. म्हणून नातेवाईक, गटाच्या बायका, कामावरचे सोबती यांना साधा फोन करून सांगा, ‘माझे व्हॉट्सॲप चोरीला गेले आहे, माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका, कोड मागितला तर सांगू नका.’ घरातल्या दोघा-तिघांना बसवले तर पन्नास फोन अर्ध्या तासात होतात. वर सांगितलेल्या वहिनींनी त्या दुपारी दहा फोन केले असते तर पाच हजार रुपये वाचले असते.

चौथे काम: कागद करा

मी कारकून माणूस आहे. तोंडी बोललेले हवेत जाते आणि लिहून दिलेले टेबलावर राहते, हे रोज पाहतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा.

हा अर्ज म्हणजे भीक मागणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढून ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिले. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरात तसेच परिपत्रक निघाले. त्याचा सारांश असा. बँकेच्या चुकीने पैसे गेले तर ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, पण ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तरीही त्याच्यावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर भार मर्यादित धरला गेला. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला ५ हजार आणि इतर बचत खात्याला १० हजार रुपयांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर गोष्ट गेली. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेवला. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून अर्जातच एक ओळ घाला, ‘आपल्या बँकेचे याबाबतचे आजचे धोरण मला लेखी द्यावे.’

हे नुसते कागदावर राहिलेले नाही. आसामातील एका ग्राहकाचे ९४ हजार २०४ रुपये २०२१ साली गेले होते. एका विक्री कंपनीचा प्रतिनिधी असल्याचे सांगून चोराने त्याला ॲप घ्यायला लावले होते. त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले. स्टेट बँकेने जबाबदारी नाकारली, तेव्हा तो गुवाहाटी उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे निकाल त्याच्या बाजूने लागला आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बँकेचे म्हणणे फेटाळले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही जून २०२४ मध्ये, खात्यातून ७६ लाख ९० हजार रुपये गेलेल्या एका कंपनीला ते परत देण्याचा आदेश बँकेला दिला. त्यांनीही तक्रार ताबडतोब केली होती. दोन्हीकडे ग्राहकाने वेळ दवडली नाही, ही गोष्ट लक्षात घ्या.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४६ खाली राज्य शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात. त्यांच्याकडे ५ कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा दावा करता येतो. ही वाट फार थोड्यांना ठाऊक आहे.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे सांगितले तर नम्रपणे पण ठामपणे सांगा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवता येते. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नव्हे, इंग्रजी ‘सी’ असलेल्या ६६-सी खाली गुन्हा आहे, आणि संगणक साधनातून तोतयेगिरी करून फसवणे हा ६६-डी खाली. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रोखलेली रक्कम परत मिळवायलाही पोलिसांचे कागद लागतात, कधी न्यायालयाचा आदेशही लागतो. म्हणून पाठपुरावा सोडू नका.

मध्येच कोणी फोन करून म्हणेल, ‘तुमचे गेलेले पैसे आम्ही सोडवून देतो, आधी दोन हजार फी भरा.’ तो चोराचाच भाऊ समजा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन शब्द

वहिनींच्या घरी पुढे काय झाले तेही सांगतो. मालकांनी मोबाइल काढून घेतला. ‘तुला जमत नाही तर वापरू नको’ म्हणाले. परिणाम असा की गटाचा हिशेब बंद पडला, मुलीच्या शाळेचे निरोप येईनासे झाले आणि वहिनी बाहेरच्या जगापासून तुटल्या. चोरी केली चोराने आणि शिक्षा भोगली बाईने! हा कुठला न्याय? पुढच्या वेळी त्या घरात काही घडले तर ती बाई तोंड उघडेल का? बायकोला किंवा मुलीला धाक दाखवून आपण घर सुरक्षित करीत नाही, पुढच्या चोरीची बातमी दाबून ठेवतो. महिनाभराने आम्ही दोघा-चौघांनी जाऊन मालकांशी बोलणे केले, तेव्हा मोबाइल परत मिळाला. आज त्याच वहिनी गटातल्या इतर बायकांना पिन कसा लावायचा ते दाखवतात.

तरुण मुलांनाही सांगणे आहे. चोरांना पैसे फिरवायला खाती लागतात. ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, तीन हजार देतो’ असे सांगणारे लोक नाक्यावर फिरतात. बेकार मुलाला तीन हजारांचा मोह पडतो. पण दुसऱ्या गरिबाचा घाम त्या खात्यातून जातो, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. खाते गोठते आणि नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला अडतो. आपले खाते भाड्याने देऊ नका.

या रविवारी एवढे करा

एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. १९३०, बँकेचा नंबर, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आणि चार शब्द: पैसा, खाते, माणसे, कागद. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइलवर ठेवून उपयोग नाही, कारण चोरी मोबाइलचीच झालेली असेल. घरातल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपला पिन लावा, आजीच्यासुद्धा. बचत गटात, मंडळात एक ठराव करा की निरोपावर कोणी पैसे पाठवायचे नाहीत. आधी फोन करून आवाज ऐकायचा, ओळखीचा एखादा प्रश्न विचारायचा आणि मगच पाठवायचे. ज्याला खरीच नड आहे तो या प्रश्नाने रागावणार नाही.

आणि कोणाचे काही गेलेच, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी शेजाऱ्याचे दार ठोठवा. अर्ज लिहून हवा असेल तर कागद आणि पासबुक घेऊन आमच्याकडे या, आपण बसून लिहू.